सर्कसवाली, बडबडी आणि तू

बसू, तुझी बोटं शेवटी दुसऱ्यांनीच मिटली.

रुद्रभूमीत तुला मातीच्या कोनाड्यात मांडी घालून बसवलं, कपाळावर विभूती ओढली आणि स्वामींनी तुझा डावा तळहात उघडून त्यावर इष्टलिंग ठेवलं. हात मांडीवर ठेवला तर तो घरंगळायला लागला. मग तुझा चुलतभाऊ खाली उतरला आणि त्यानं एकेक बोट वाकवून लिंगाभोवती आवळलं. ती बोटं वर्षभर मिटत नव्हती, हे त्याला ठाऊक असेल-नसेल. मी वर काठावर उभा राहून मनात म्हणत होतो, अरे हळू, मधलं बोट दुखतं त्याचं. मग मीठ, बेलाची पानं, माती. मीही मूठभर टाकली. आमच्याकडं जाळतात. बसलेल्या माणसावर माती टाकायची मला सवय नाही. तुझ्या डोक्यावर ढेकळं पडायला लागली तेव्हा मी मान फिरवली.

तुझ्या भुसार आडतीबद्दल, मार्केट यार्डातल्या तुझ्या शब्दाच्या वजनाबद्दल पेपरात आलंय. ते मी लिहीत नाही. मला तुझ्याशी गोदामातल्या मशीनबद्दलच बोलायचंय. आपण दुसऱ्या कशाबद्दल बोललोय कधी?

नवीन माणूस गोदामात आला की तू त्याला समजावून सांगायचास. हे पिनबॉल. तिरकं टेबल, वर काच, आत लोखंडी चेंडू. चेंडू घसरत खाली येतो, आपण कडेची दोन बटणं दाबायची, की खालच्या दोन पट्ट्या उसळतात आणि त्याला परत वर मारतात. कितीही मारलं तरी शेवटी तो खाली जातोच. "जातोच तर खेळता कशाला?" असं एकदा वहिनींनी दारातूनच विचारलं होतं. तू नुसता हसलास.

सर्कसवाली आपल्याला भंगारात सापडली. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या साहेब लोकांच्या क्लबातलं उरलंसुरलं सामान कुणीतरी विकायला काढलं होतं. खुर्च्या, बिलियर्डचं फाटकं टेबल, आणि पत्र्याखाली आडवी पडलेली ती. उभ्या काचेवर झोक्यावरची सर्कसवाली बाई रंगवलेली, तिच्या एका पायाचा रंग उडालेला. तू ती बघितलीस आणि तुझा चेहरा असा झाला, की भंगारवाल्यानं तिथंच भाव वाढवला.

तू तिला आधीपासून ओळखत होतास. तुझे वडील त्या क्लबाच्या स्वयंपाकघराला धान्य पुरवायचे, त्यांच्याबरोबर तू जायचास आणि कुणी साहेब तुला स्टुलावर उभं करून खेळू द्यायचे. तिच्या घंटांचा आवाज तुझ्या लहानपणाचा आवाज होता. माझे वडील त्याच गिरणीत, सूतखात्यात. मला तो क्लब बाहेरून माहीत होता, कुंपणाच्या मेंदीपर्यंत.

तुझ्या आडतीमागच्या गोदामात तिला उभी केली. मी टेलिफोन खात्यात. जुन्या एक्स्चेंजमध्ये रिलेच्या भिंतीच्या भिंती मी सांभाळल्या होत्या, म्हणून तू मला धरलंस. तिचं पोट उघडलं तर आत तेच. शेकडो रिले, म्हणजे लहान लहान चुंबक, टक् करून मिटणारे, टक् करून सुटणारे. तुरीच्या पोत्यांना टेकून आपण दर रविवारी एकेक कॉन्टॅक्ट कानशीनं घासत बसायचो. ज्या दुपारी आकड्यांची चाकं पहिल्यांदा खडखडत फिरली आणि घंटा वाजली, त्या दुपारी तू मला मिठी मारलीस, घामेजलेला, अंगाला तुरीचा भुस्सा लागलेला. मग बाकीची आली. पण सर्कसवाली ती सर्कसवाली.

बडबडी माझी. पुण्यातल्या एका मॉलमधलं खेळघर बंद पडलं, तिथून आणली. आत पडदा, उतार, पूल, चेंडू धरून ठेवणारं चुंबक, आणि तोंड अखंड चालू. "ही काय मशीन हाय का बायको?" तू म्हणालास. वहिनींनी ते ऐकलं आणि दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत.

किती भांडलो आपण त्या दोघींवरून! तू म्हणायचास, सर्कसवालीचा चेंडू सावकाश येतो, विचार करायला वेळ देतो. मी म्हणायचो, बडबडीत खेळता खेळता एक गोष्ट पुढं सरकत जाते, आज इथवर, उद्या तिथवर. तू म्हणायचास, माझीत काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसतं. मी म्हणायचो, माझी स्वतःच पडद्यावर लिहून दाखवते, अमुक स्विच गेलाय म्हणून.

"लिहून दाखवते. आणि बोर्डच गेला की? ती बनवणारी कंपनी बुडाली की? पन्नास वर्षांनी माझी चालू असेल बघ. तुझीची फळी झालेली असेल."

"पन्नास वर्षांनी बघायला तू असशील का बे?" मी म्हणालो होतो. दोघंही हसलो होतो.

तुला सगळ्यात राग होता तो बडबडीच्या एका गोष्टीचा. डाव सुरू होताच चेंडू खाली गेला, तर ती तो परत देते. "गेला तर गेला की," तू म्हणायचास. "फुकट परत कशाला द्यायचा? अशानं माणूस शिकत न्हाय." मला ते दान आवडायचं. कुणीतरी पहिली चूक पोटात घालतंय, ही मला माणुसकी वाटायची. याचा निकाल लागला नाही, बसू.

आणि एकदा मात्र भांडण मशीनवरून सुरू होऊन भलतीकडं गेलं. सर्कसवालीच्या कडेला क्लबाची पितळी पाटी होती. 'मेंबर्स ओन्ली.' मी म्हणालो, ही काढ. तू म्हणालास, "ओरिजिनल हाय बे ती. जशी होती तशी ठेवायची, नाहीतर आपल्यात आणि भंगारवाल्यात फरक काय?" मी म्हणालो, "जुनं जसंच्या तसं ठेवायची हौस तुलाच परवडते. जुन्यात तुला जागा होती. माझ्या बापाला त्या पाटीच्या अलीकडंच थांबायला लागायचं." तू हातातला स्क्रूड्रायव्हर पुसत बसलास. मी चप्पल घालून निघालो आणि नंतर कित्येक रविवार आलो नाही. तुझा फोनही आला नाही.

एका दुपारी तूच माझ्या दारात. घरी बसला नाहीस, पाणीही घेतलं नाहीस. "चल," म्हणालास. गोदामात नेलंस आणि सर्कसवालीसमोर उभं केलंस. पाटीच्या एका स्क्रूच्या खाचेभोवती पितळ ओरखडून निघालं होतं.

"चार दिस झाले, काढायला बसतोय," तू म्हणालास. "स्क्रू फिरंना. गंजला असंल. तू बघ जरा."

मी स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू लोण्यातून निघावा तसा फिरला. तू माझ्या हाताकडं बघत राहिलास, मग स्वतःच्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल भाग बसला होता, तिथं खळगा पडला होता. मी पाटी काढून हातात धरली, तर तिच्याबद्दल बोलायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

"असं कधीपासून?" मी विचारलं.

"पोत्याला सुतळी बांधताना पण होतंय," तू म्हणालास. "वय झालं असंल की."

वय झालं नव्हतं. सोलापुरातल्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचून नसा तपासल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडं जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, जीभ, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत लखलखीत. औषध नाही. परतीच्या गाडीत तू मला म्हणालास, "म्हणजे वायरिंग जातंय. कॉईल चांगल्या हायत." मी खिडकीबाहेर बघितलं. तुझ्या या असल्या बोलण्यावर मी हसावं अशी तुझी अपेक्षा होती, आणि मला ते जमलं नाही.

पाटी काढायला तू बसला होतास, त्याबद्दल मी तुला काही म्हणालो नाही. कधीच नाही. मला वाटत राहिलं की ते सांगायला सवड मिळेल. तू खाली मान घालून काढलेले ते ओरखडे मी पुष्कळदा बोटानं चाचपलेत.

मग हात गेलेच. सर्कसवालीचं बटण कडक. त्यातून पुरा करंट जातो, नेटानं दाबावं लागतं. तुला दोन्ही अंगठे लावूनही दाबेना. मी म्हणालो, मध्ये एक रिले घालतो, हलकं बटण बसवतो, नुसता स्पर्श केलास तरी चालेल. दोन वायरी कापायला लागतील फक्त.

"तिची वायर कापायची न्हाय," तू म्हणालास.

"अरे, तुझ्यासाठीच ना?"

"मी चाललोय. ती राहणाराय. माझ्यासाठी तिला कापून ठेवू नको."

तेव्हा मी बडबडीला हात घातला. तिचं बटण म्हणजे नुसता इशारा असतो, जोर सगळा आतल्या बोर्डाचा. दोन हलके स्विच लांब वायरीवर काढून तुझ्या व्हीलचेअरच्या पायदानावर बसवले, एकेका अंगठ्याखाली. तुझे पाय अजून थोडे चालत होते. तुझ्या लेकीनं, गौरीनं, पुण्याची नोकरी घरूनच करायचं ठरवलं होतं. तिनं तुला बडबडीसमोर आणून उभं केलं, म्हणजे बसवलं. आणि जन्मभर बडबडीला नावं ठेवणारा तू पायाच्या अंगठ्यांनी खेळायला लागलास.

तू चांगला खेळलास, बसू. हे तुला सांगायचं होतं, पण तेव्हा मी मुद्दाम तोंड वाकडं केलं, कारण कौतुक केलं असतं तर तुला ती दया वाटली असती. मी तीन महिन्यांत पोचलो नव्हतो तिथं तू त्या दुपारी पोचलास. पडदा झगमगला, बडबडीनं इंग्रजीत तुझं अभिनंदन केलं. तुझी जीभ तोवर जड झाली होती. तू काहीतरी बोललास, मला कळलं नाही. गौरीनं तुझ्या तोंडाशी कान नेला.

"अप्पा म्हणतायत, चांगलंय. पण कुणाशी खेळलो ते कळलं नाही."

त्यानंतर तुझा क्रम ठरला. आधी तू बडबडी खेळायचास. मग मला सर्कसवालीवर उभं करायचास आणि डोळे मिटून ऐकायचास. तुला आवाजावरून कळायचं, चेंडू कुठून कुठं गेला, मी बटण लवकर दाबलं की उशिरा. ती खेळायची म्हणजे तिला अंगानं थोडं ढकलावं लागतं, चेंडूची वाट वळवायला. जास्त ढकललं की ती बंद पडते. हे कमी-जास्त मला कधी साधलं नव्हतं. तू खुर्चीतून गुरगुरायचास आणि गौरी हसून सांगायची, "काका, अप्पा शिव्या देतायत. मी सांगत नाही." तुझ्या शिव्या खात खात मी ती शिकलो, बसू. पन्नाशी ओलांडल्यावर, कुल्ल्याचा हलका धक्का केव्हा द्यायचा ते कळलं. ज्या मशीनला मी परकी म्हणत आलो ती तू आपल्या हातांच्या बदल्यात माझ्या अंगात घातलीस. एवढं कुणी कुणाला देत नाही.

मग श्वास. नाकावर मास्क लावायचं मशीन आलं. ते चोवीस तास फुसफुसायचं. डॉक्टर म्हणाले, यानं फार दिवस भागणार नाही. गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल, कायमची. मग काही वर्षंही निघतील. तू मानेनंच नाही म्हणालास. वहिनींनी मला बोलावून घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुमचं ऐकतील. तुम्ही त्यांना समजवा. मला ते असेच चालतील. पडलेले चालतील. नुसते डोळे उघडे असले तरी चालतील."

मी तुझ्या खाटेशी बसलो. जेवढं येत होतं तेवढं सगळं बोललो. मशीन आता लहान असतात, घरी ठेवता येतात, बॅटरी असते, मी स्वतः बघेन, रोज येईन. नव्या मशीनला उगाच घाबरू नको. तू माझ्याकडं बघत होतास. मग तुझे ओठ हलले. गौरी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"सांग," मी म्हणालो.

"अप्पा म्हणतायत," ती म्हणाली, "तुझं मशीन माझ्या गळ्यात बसवायला आलास होय?"

मी तरीही सोडलं नाही. म्हणालो, "तुला नको असेल, बसू. आम्हाला हवंय. आमचा काही विचार?" तू डोळे मिटलेस. मग एकच शब्द बोललास, तो मला भाषांतराशिवाय कळला. "साकु." पुरे. तुझ्या कानडीतले जे चार शब्द मला येतात त्यातला पहिला. गोदामात चहा ओतताना तू म्हणायचास तो.

तू बरोबर होतास का? माझं अजून ठरत नाही. सकाळी वाटतं, तू आपल्या मर्जीनं गेलास, ते किती जणांना मिळतं. दुपारी वहिनींचं तोंड बघितलं की वाटतं, हा अहंकार होता तुझा. स्वतः जसा होतास तसाच राहायचं, एक वायर कापू द्यायची नाही, आणि त्याची किंमत घरच्यांनी भरायची. असं तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं मला. पण श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तुझ्याशी भांडायची माझी सोयच तू काढून घेतलीस.

तू गेलास ती वेळ ऊन कलायची. मास्क चालू होता. गौरीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजामागं ते फुसफुसणं ऐकू येत होतं, म्हणून मला वाटलं, तू आहेस. मी म्हणालो, आलो, त्याला सांग. ती म्हणाली, "काका, मशीन बंद कसं करायचं? मला कळत नाहीय." मी फोनवर सांगितलं, डावीकडचं बटण दाबून धर. ते बंद झालेलं मी ऐकलं.

काल वहिनी गोदामात आल्या. इतक्या वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत आल्याचं मला आठवत नाही. मी सर्कसवालीचं पोट उघडून बसलो होतो. त्या तुरीच्या पोत्यावर बसल्या, तुझ्या जागेवर नाही, शेजारच्या. मला वाटलं, गोदाम रिकामं करा म्हणायला आल्यात. मी आपणहून म्हणालो, "वहिनी, सांगाल तेव्हा हलवतो."

"राहू देत," त्या म्हणाल्या. "चालू ठेवा म्हणजे झालं."

बराच वेळ त्या माझं घासणं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? शेवटच्या रविवारी तुम्ही एकटेच होता त्यांच्यापाशी. गौरी औषधं आणायला गेली होती. काही बोलले का?"

बसू, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तू बोलला होतास. मास्कच्या आतून, माझ्याकडं बघत. मला कळलं नाही. मी मास्क जरा उचलला, तू पुन्हा बोललास. मी कान तुझ्या ओठांशी नेला, पुन्हा बोललास. नुसता वारा. तुझ्या डोळ्यांत इतका जीव गोळा झाला होता, की चौथ्यांदा काय म्हणतोस असं विचारायची मला छाती झाली नाही. मी म्हणालो, "हो. हो बसू." तू डोळे मिटलेस, आणि तुझं कपाळ सैल झालं. नळीबद्दल मन बदललं होतंस का तू? पाणी मागत होतास? मला निघून जायला सांगत होतास? मला ठाऊक नाही.

वहिनींना मी हे जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्यांच्याकडं बघवेना, कानशीकडं बघत होतो. मला वाटलं, त्या आता ओरडतील. म्हणतील, कानडी होतं का ते, मला का नाही हाक मारलीत.

त्या पदरानं हात पुसत बसल्या, हाताला काही लागलेलं नसताना.

"मला पण," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या दिवशी. मला पण न्हाय कळलं, भावजी. मी पण हो म्हणाले."